विश्लेषण : गर्भनिरोधक गोळीचे जनक ग्रेगरी पिंकस कोण होते? मुरुमांवर हीच गोळी का दिली जाते?

मुरुम काही केल्या हटत नसतील, तर काही महिलांना डॉक्टर गर्भनिरोधक गोळी लिहून देतात. एकच गोळी दोन कामे कशी करते आणि ती घेताना सावधगिरी का हवी, हे तिचे जनक मानले जाणारे ग्रेगरी पिंकस यांच्या आयुष्यातून उलगडते.

पिंकस कोण होते?
अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९०३ मध्ये ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी सशांच्या बीजांडांवर शरीराबाहेर फलनाचे प्रयोग केले. त्यावरून वाद झाला आणि विद्यापीठाने त्यांना कायम नेमणूक नाकारली. १९४४ मध्ये हडसन होगलंड यांच्यासह त्यांनी वुस्टर येथे स्वतंत्र संशोधन संस्था उभारली.

गोळी कशी आली?
संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांनी त्यांना गळ घातली. कॅथरीन मॅकॉर्मिक यांनी पैसा पुरवला. मिन चुए चांग यांनी प्राण्यांवर, तर स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी महिलांवर चाचण्या केल्या. ‘एनोव्हिड’ या गोळीला अमेरिकेत १९५७ मध्ये मान्यता मिळाली, पण ती मासिक पाळीच्या तक्रारींसाठी! गर्भनिरोधक म्हणून मंजुरी १९६० मध्ये मिळाली.

आक्षेप काय?
प्युर्तो रिको येथे १९५६ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली. सहभागी गरीब महिलांना हा प्रयोग असल्याची पुरेशी कल्पना नव्हती. मळमळ, चक्कर, डोकेदुखीचे प्रमाण जास्त असल्याचे तेथील डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले. पिंकस यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. त्या गोळीतील हार्मोनची मात्रा आजच्या गोळ्यांच्या कित्येक पट होती. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका पुढे स्पष्ट झाला आणि मात्रा घटवावी लागली.

मुरुमांशी संबंध काय?
अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनमुळे त्वचेतील तेलग्रंथी जास्त तेल सोडतात. ते स्त्रियांच्या शरीरातही असते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही हार्मोन असलेली गोळी बीजांडकोषातील अँड्रोजेनची निर्मिती कमी करते. शिवाय, यकृतात तयार होणारे एक प्रथिन वाढते आणि ते रक्तातील मोकळे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवते. तेल घटते, मुरुम कमी होतात. फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळीने मात्र काहींचे मुरुम वाढू शकतात.

कोणी टाळावी?
पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणाऱ्या महिलांसाठी ही गोळी धोक्याची ठरू शकते. गर्भधारणेची इच्छा असल्यास ती घेता येत नाही.

पिंकस १९६७ मध्ये वारले. मुरुमांसाठी अशा गोळीला अमेरिकेत अधिकृत मान्यता १९९०च्या दशकात मिळाली. प्युर्तो रिकोतील महिलांना जी माहिती मिळाली नाही, ती आज डॉक्टरांकडून मागून घेता येते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून दुकानातून गोळी आणण्याआधी ती जरूर घ्यावी.