दम्यामुळे जड कॅमेरा उचलवत नव्हता, म्हणून या मेकॅनिकनं खिशात मावणारा कॅमेराच बनवला

जून २०२२. जर्मनीतल्या वेट्झलारमध्ये एका जुन्या कॅमेऱ्याचा लिलाव झाला. बोली चढत गेली आणि कमिशन धरून किंमत पोहोचली १ कोटी ४४ लाख युरोवर. आपल्या पैशात सांगायचं तर शंभर कोटींहून जास्त.

त्या कॅमेऱ्यावर वरच्या बाजूला एक नाव कोरलं होतं. ऑस्कर बारनाक.

हा कॅमेरा त्याचा स्वतःचा होता. आणि तो नसता तर आज रस्त्यावर, लग्नात किंवा युद्धात फोटो काढायची जी पद्धत आहे ती कदाचित फार वेगळी असती.

बारनाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ चा, जर्मनीतल्या ब्रांडेनबर्ग भागातल्या लिनो या खेड्यातला. शिक्षण मेकॅनिकचं. १९०२ साली तो येना शहरात झाईस या नावाजलेल्या कंपनीत लागला. सुट्टी मिळाली की गडी जंगलात भटकायला जायचा आणि जाताना कॅमेरा घ्यायचा.

इथंच घोळ होता.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी. सोबत काचेच्या प्लेट्स आणि तिपाई. एका प्लेटवर एक फोटो. दहा फोटो काढायचे तर दहा काचा पाठीवर वाहायच्या. त्यात बारनाकला दम्याचा त्रास. चढावर हे ओझं घेऊन चालताना त्याला धाप लागायची.

त्यामुळं त्याच्या डोक्यात एक कल्पना घोळायला लागली. निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करून घ्यायचा. झाईसमध्ये असताना त्यानं प्रयोग करून बघितले, पण प्लेटवर काढलेली बारीक चित्रं मोठी केली की ती फुटायची.

पुढं झाईसमधलाच त्याचा सहकारी एमिल मेशाउ वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीत गेला. त्याच्या शिफारशीवरून १९११ मध्ये बारनाकही तिथं आला. लाइट्झ कंपनी बनवायची मायक्रोस्कोप. कॅमेऱ्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. पण मेशाउ सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करत होता, त्यामुळं बारनाकच्या हाताशी आली सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म.

आता त्यानं काय केलं बघा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते आणि एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असते. बारनाकनं फिल्म आडवी सरकवली आणि चौकट दुप्पट केली. २४ बाय ३६.

१९१४ पर्यंत त्याचा छोटा धातूचा कॅमेरा तयार होता. आज त्याला उर-लायका म्हणतात. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. सैन्य जमवण्याचा हुकूम वेट्झलारच्या चौकात चिकटवला गेला, तो क्षण बारनाकनं याच कॅमेऱ्यात टिपला. १९२० साली गावात पूर आला, तेव्हाही तो हाच कॅमेरा घेऊन फिरत होता.

पण युद्धामुळं कॅमेरा बाजारात आणायचं काम रखडलं ते रखडलंच. १९२३ मध्ये चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेरे बनवले. २०२२ च्या लिलावात विकला गेलेला कॅमेरा त्यातलाच, क्रमांक १०५.

तेव्हा जर्मनीत महागाईनं कहर केला होता. अशात मायक्रोस्कोपच्या कंपनीनं खिशातला कॅमेरा काढायचा? घेणार कोण? त्या काळी बरेच लोक निगेटिव्हच्याच आकाराचा फोटो छापायचे. या हिशेबानं बारनाकचा फोटो जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा होणार होता. मोठा करायचा तर एनलार्जर लागणार.

१९२४ च्या जूनमध्ये कंपनीत बैठक झाली. विरोध बराच होता. शेवटी मालक अर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी जोखीम घ्यायचं ठरवलं.

माक्स बेरेक या शास्त्रज्ञानं ५० मिलिमीटरची लेन्स तयार केली. लेन्स इतकी बारीक तपशील पकडणारी होती की छोट्या निगेटिव्हवरूनही मोठा फोटो स्वच्छ यायचा. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झमधला 'लाय' आणि कॅमेऱ्यातला 'का' मिळून नाव ठेवलं, लायका. एका रोलमध्ये ३६ फोटो.

एक अडचण मात्र उरली होती, ती म्हणजे फोकसची. समोरचा माणूस किती अंतरावर आहे हे अंदाजानं ठरवा, नाहीतर वेगळं यंत्र लावून मोजा आणि मग तो आकडा लेन्सवर लावा. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

१९३२ च्या लायका २ मध्ये हा प्रश्न सुटला. अंतर मोजायचं यंत्र, म्हणजे रेंजफाइंडर, कॅमेऱ्यातच बसवून लेन्सला जोडलं. छोट्या खिडकीतून पाहिलं की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत गेलं की त्या जवळ येतात. दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. जुने फिल्म कॅमेरे हौसेनं वापरणारे आजही असाच फोकस करतात.

त्याच सुमारास आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणानं लायका विकत घेतला आणि रस्त्यावरच्या फोटोग्राफीचं रूपच पालटलं.

१६ जानेवारी १९३६ ला बारनाक गेला, अवघ्या ५६ व्या वर्षी. त्याच वर्षी जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि रॉबर्ट कापासारखे फोटोग्राफर लायका घेऊन थेट आघाडीवर पोहोचले. आपल्या कॅमेऱ्याची ही मजल बघायला बारनाक नव्हता.

पण त्यानं ठरवलेलं माप टिकलं. डिजिटल कॅमेरा घेताना दुकानदार 'फुल फ्रेम' म्हणून ज्याचे जास्त पैसे सांगतो, त्या सेन्सरचा आकार साधारण तेवढाच असतो, २४ बाय ३६ मिलिमीटर.