गास्तों प्लांते

गास्तों प्लांते (जन्म : ओर्तेझ, २२ एप्रिल १८३४, मृत्यू : म्यूदों, २१ मे १८८९) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. पुन्हा पुन्हा विद्युतभारित करता येणाऱ्या शिसे-अम्ल संचायक घटाचा शोध त्यांनी १८५९ मध्ये लावला. विजेवर चालणारी आरंभीची वाहने याच प्रकारच्या घटांवर धावली.

== जीवन ==
प्लांते यांचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याजवळील ओर्तेझ या गावी झाला. प्रसिद्ध पियानोवादक फ्रान्सिस प्लांते हे त्यांचे धाकटे बंधू होत. १८५४ मध्ये पॅरिसच्या कला व व्यवसाय संग्रहशाळेत एदमों बेकेरेल यांच्या हाताखाली ते भौतिकशास्त्राचे साहाय्यक झाले. १८५५ मध्ये त्यांना म्यूदों येथे एका प्रचंड, उडू न शकणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याच्या प्रजातीला त्यांच्यावरून गास्तोर्निस हे नाव देण्यात आले. पुढे त्यांनी सामान्य जनतेच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत भौतिकशास्त्राचे अध्यापन केले.

== संचायक घट ==
त्या काळचे प्रचलित घट त्यांतील रसायने संपली की निरुपयोगी होत. निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्यांतून वीज सोडल्यावर काय घडते याचा अभ्यास करताना, शिशाच्या पट्ट्या मिळालेली वीज बराच काळ परत देऊ शकतात, असे प्लांते यांना आढळले. त्यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि सौम्य सल्फ्यूरिक अम्लात बुडवले. कापडाऐवजी पुढे रबराच्या पट्ट्या वापरल्या. १८६० मध्ये नऊ घटांची माला त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली.

शोध महत्त्वाचा असला तरी त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास सुमारे दोन दशके लागली. पत्र्यांवर शिशाच्या डायऑक्साइडचा पुरेसा थर तयार होण्यासाठी ते अनेकदा भारित व विभारित करावे लागत आणि त्यात बराच काळ जाई. शिवाय कार्यक्षम जनित्र उपलब्ध नसल्याने संचायक भारित करण्यासाठीही जुने, खर्चिक घटच वापरावे लागत. १८७० नंतर जनित्रे सुधारली. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत आणली आणि संचायकांचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे यांनी पॅरिसमध्ये संचायकावर चालणारी तीनचाकी सायकल रस्त्यावर आणली. आजच्या विद्युत सायकलींच्या पूर्वजांत तिची गणना होते.

== उत्तरायुष्य ==
शेकडो घट जोडून मिळवलेल्या उच्च विद्युतदाबाच्या साहाय्याने प्लांते यांनी गोलाकार वीज व अन्य वातावरणीय घटनांशी साम्य असलेले प्रयोग केले. त्यांचा विद्युतविषयक संशोधनाचा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. चंद्राच्या दूरच्या बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

== घट आणि तापमान ==
प्लांते यांच्या घटात वीज साठण्याची क्रिया रासायनिक असल्याने तापमानाचा तिच्यावर थेट परिणाम होतो. थंडीत विक्रिया मंदावतात, द्रावाचा विद्युतरोध वाढतो आणि उणे १८ अंश सेल्सियसला घटाची क्षमता सुमारे निम्म्यावर येते. घट वापरला जातो तसे त्यातील अम्ल पत्र्यांशी संयोग पावते व द्राव पाण्यासारखा पातळ होतो. म्हणून पूर्ण भारित घट उणे ६० अंशांनाही गोठत नाही, पण रिकामा झालेला घट उणे ७-८ अंशांनाच गोठून फुटू शकतो. थंड प्रदेशात घट भारित करून ठेवतात, त्याचे हे कारण आहे. आधुनिक विद्युत सायकलींमधील लिथियम-आयन घटांची क्षमताही थंडीत घटते. शून्य अंशाखाली ते भारित केल्यास आत लिथियम धातूचा थर साचून घटाची कायमची हानी होऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्यासारख्या विदर्भातील भागात घट गोठण्याइतकी थंडी पडत नाही. तेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उष्णतेने घट अधिक जोमाने काम करतो, परंतु शिशाच्या जाळीची झीज व पाण्याचे बाष्पीभवन वाढून त्याचे आयुष्य कमी होते. त्यामुळे ई-रिक्षा किंवा इन्व्हर्टरचे घट सावलीत, हवेशीर जागी ठेवणे आणि जेथे पाणी घालण्याची सोय असेल तेथे त्यांतील ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी राखणे आवश्यक ठरते.