नदीकाठी घडलेला अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर हा सर विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो. पाण्याचा आणि नद्यांचा अभ्यास करायचा तर प्राध्यापकच व्हायला हवं, असं अनेकांना वाटतं. पण विश्वेश्वरय्या नदी शिकले ते नोकरीत, प्रत्यक्ष कामावर.

त्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. शाळकरी वयातच वडील वारले. बंगळूरला शिकवण्या घेत ते पदवीधर झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले.

सिंधमधल्या सक्कर शहराला सिंधू नदीचं गढूळ पाणी प्यावं लागायचं. गाळण्याची मोठी यंत्रणा उभारायला पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदून घेतली. वाळूतून झिरपून तिच्यात स्वच्छ पाणी येऊ लागलं. गाळण्याचं काम नदीच्या वाळूनंच केलं!

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावरून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जायचं. त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडत आणि उतरलं की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता सुमारे ८ फूट जास्त पाणी साठवता आलं. या शोधाचं मानधन मात्र त्यांनी घेतलं नाही. सरकारी कामातून सुचलेल्या गोष्टीवर आपला हक्क नाही, असं त्यांचं मत होतं.

नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पिकं घेण्याची ब्लॉक पद्धत सुचवली, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. कालव्याचं पाणी थोड्याच लोकांनी न वापरता जास्त गावांना मिळावं, हा तिचा हेतू होता. विश्वेश्वरय्यांनी लोकांना भेटून ती समजावून सांगितली.

वरच्या जागा त्या काळी इंग्रजांकडेच असत. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसं दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी आधी पावसाच्या नोंदी तपासल्या, मग शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय बांधायला सांगितलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच उभे राहिले.

पुढे म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि मग दिवाण म्हणून त्यांनी कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम पुढे नेलं. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

मित्रांनो, प्रत्येक ठिकाणी त्यांनी आधी पाणी नीट पाहिलं, मोजलं आणि मगच उपाय सुचवला. आपणही या पावसाळ्यात रोज किती पाऊस पडला ते वहीत लिहू या. नदीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.