डॉ. जॉन स्नो : नकाशावरच्या काळ्या रेघा



संगणकाच्या नकाशात विहीर म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेषा आणि तलाव म्हणजे बंदिस्त आकृती. मुलं हे पाठ करतात, पण त्याचा उपयोग काय, ते उमगत नाही. तेव्हा त्यांना डॉ. जॉन स्नो यांची गोष्ट सांगावी.

स्नो यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी वैद्यकी शिकायला ते न्यूकॅसलला गेले. तिथेच कोळशाच्या खाणीतले कामगार कॉलऱ्याने मरताना त्यांनी पाहिले. पुढे लंडनमध्ये भूल देणारे डॉक्टर म्हणून त्यांनी नाव कमावलं.

कॉलरा दूषित हवेमुळे होतो, असा तेव्हा समज होता. तो पाण्यातून पसरतो, असं स्नो १८४९ पासून सांगत होते. पण ऐकतो कोण?

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात साथ आली. सहाशेहून अधिक माणसं दगावली. स्नो यांनी घरोघरी चौकशी केली. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही मुलांना सांगावं.

नकाशा त्यांनी नंतर तयार केला. प्रत्येक मृत्यूसाठी त्या घरापाशी एक काळी रेघ; हापशांच्या जागी ठिपके. रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या हापशाभोवती झाली. मग कोणत्या घराला हाच हापसा सर्वांत जवळचा, त्याची सीमा त्यांनी आखली. तीही सरळ अंतराने नव्हे, गल्लीबोळांतून चालत जायच्या अंतराने! बिंदू, रेषा, क्षेत्र, तिन्ही आले की नाही?

पण जवळच्याच एका गरीबगृहात ५३५ माणसं असून मृत्यू फक्त ५. असं का? तिथे स्वतःची विहीर होती. म्हणजे ठिकाण कळलं तरी पुरत नाही, तिथले लोक पाणी कुठलं पितात हेही नोंदवावं लागतं. आजच्या नकाशाप्रणालीत प्रत्येक आकृतीला अशाच माहितीचा तक्ता जोडलेला असतो.

स्नो १८५८ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचं म्हणणं सर्वमान्य झालं ते त्यानंतर.

वर्गात करून पाहा : शाळेभोवतीचे नळ, रस्ते आणि मैदान कागदावर काढा. प्रत्येक नळासमोर पाणी किती वाजता येतं ते लिहा. मग मुलांनाच विचारा, कोणाला लांब जावं लागतं?