केडगावच्या माळावर २ हजार जणींची टीम उभी करणाऱ्या पंडिता रमाबाई

इन्स्टाग्राम उघडलं की दर तिसरं रील कुठल्यातरी कोचचं असतं. अमेरिकेतल्या कॉलेजचा लॅक्रॉसचा कोच असो नाहीतर आपल्याकडचा कबड्डीचा, सांगतात साधारण एकच. टीम कशी बांधायची, हरलेल्या पोरांना परत कसं उभं करायचं, पुढचा कॅप्टन कसा घडवायचा. लाइक करायचं, सेव्ह करायचं आणि विसरून जायचं.

पण टीम बांधणं म्हणजे काय, याचं एक जबरदस्त उदाहरण शिरूर-दौंडच्या लोकांच्या अगदी दारात आहे. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आलात की केडगाव हाकेच्या अंतरावर. कॉलेजला असताना दौंड-पुणे गाडीने जाताना हे स्टेशन मी रोज बघायचो. इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, एवढंच माहीत होतं. पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद होता, तोही परीक्षेपुरता.

आता त्या परिच्छेदात नसलेलं सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हा गुन्हाच. गावकी विरोधात गेली, तर माणूस बायकोला घेऊन थेट जंगलात गंगामूळला राहायला गेला. तिथंच रमाबाई जन्मल्या आणि आईकडून संस्कृत शिकल्या. पुढं हे कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरत राहिलं.

मग दुष्काळ पडला. १८७४ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, पाठोपाठ मोठी बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीपोटी हजारो मैल चालत ही भावंडं १८७८ ला कलकत्त्यात पोहोचली. विशीतल्या या पोरीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. ही उपासमार लक्षात ठेवा, गोष्टीत ती परत येणार आहे.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. वयाच्या २३ व्या वर्षी विधवा, कडेवर तान्हं पोर आणि सोबत माहेर-सासरचं कुणी नाही.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनसमोर साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका आणि डॉक्टर बायकाच हव्यात, असं ठासून मांडलं. १८८३ ला डॉक्टर व्हायला म्हणून इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू यायचं आणि हे बहिरेपण वाढत चाललं होतं. डॉक्टरकीचा नाद सोडावा लागला. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, गावोगावी भाषणं दिली आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत पुस्तक लिहून हिंदू विधवांची परिस्थिती जगासमोर मांडली. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची असोसिएशन उभी राहिली. या असोसिएशननं १० वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या मुलींपैकी एक होती गोदूबाई जोशी. याच गोदूबाईंशी पुढं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला.

इथपर्यंत सगळं झकास चाललेलं. आणि मग टीम फुटली.

झालं असं की शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं. मुलींनी आपापले आचार पाळावेत, स्वयंपाकही आपल्या रीतीनं करावा, अशी सोय होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली तिथं येऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या पाठीराख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालक येऊन मुलींना घेऊन गेले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्यांना हाकलणारही नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की ज्या बाईंवर मुलींचं सगळं अवलंबून आहे, तिचं उघडं दार म्हणजे बोलावणंच. खरं सांगायचं तर दोन्हीत तथ्य आहे. लीडर काय बोलतो यापेक्षा काय करतो, हेच टीम बघते.

एखादा असता तर बाडबिस्तारा गुंडाळून गेला असता. रमाबाईंनी उरलेल्या मुली घेऊन काम चालू ठेवलं आणि या सगळ्यातून एक हिशोब शिकल्या. शहरातल्या बड्या लोकांच्या पाठिंब्यावर संस्था चालली तर तो पाठिंबा एका दिवसात जातो. बोस्टनच्या पैशांची मुदतही १८९८ ला संपणार होती. मग करायचं काय? तर जमीन घ्यायची. पुण्यापासून लांब, पण रेल्वेच्या कडेला. अशी १०० एकर जमीन त्यांनी केडगावला घेतली. दौंडकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तो माळ कसा असेल हे वेगळं सांगायला नको. तिथं विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा साधा प्लॅन होता.

पण प्लॅनप्रमाणे काही झालं नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या आल्या आणि रमाबाईंना स्वतःचे २० वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. त्या तिकडं गेल्या आणि ३०० च्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, भेदरलेल्या. नेमका तेव्हाच पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग मुक्काम हलला केडगावच्या शेतावर, तंबूत आणि झोपड्यांत. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली. हा वाद पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला.

आता मुद्द्याचं. कुठलाही कोच आधी निवड चाचणी घेतो. पळणारा कोण, दम असणारा कोण, ते बघून टीम निवडतो. रमाबाईंकडं निवडच नव्हती. जी येईल ती टीममध्ये. शारदा सदनातल्या मुली बहुतेक वरच्या जातीच्या, थोडंफार घरचं वळण असलेल्या. दुष्काळातून आलेल्यांत शेतकरी, मजूर, सगळ्या जातीच्या पोरी. एका भाषेत बोलणंसुद्धा अवघड.

त्यांनी काय केलं, तर जुन्या मुलींच्या हवाली नव्या मुली केल्या. काही वर्षांपूर्वी स्वतः रडत आलेली शारदा सदनातली विधवा आता एका गटाची प्रमुख. तिनं त्यांना आंघोळ घालायची, खाऊ घालायचं, अक्षर शिकवायचं. त्या गटातल्या मुली तयार झाल्या की पुढच्या गटाला त्यांनी सांभाळायचं. सुंदरबाई पवारांसारख्या सहकारी आणि मिनी अब्रॅम्ससारख्या परदेशी मिशनरी बायका मदतीला होत्याच, पण रोजचा गाडा ओढला तो या मुलींनीच.

दुसरं म्हणजे प्रत्येकीला काम. शाळा होतीच, पण सोबत शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, धुलाई, भट्टी, छापखाना असं काय काय. दयेवर जगतोय ही भावना माणसाला आतून खाते आणि रमाबाईंनी ती स्वतः चाखलेली. म्हणून इथं कुणी नुसतं बसून खात नव्हतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्या बायकांसाठी वेगळा विभाग होता आणि मनोरमानं त्यांना ब्रेल शिकवली. समाजानं वाईट चालीची म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन.

१८९८ ला मुक्ती सदनाची पायाभरणी झाली. १९०० ला गुजरातेत दुष्काळ पडला, परत माणसं गेली, परत रेल्वे भरून मुली आल्या. केडगावची संख्या जवळपास २ हजारांवर गेली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवायला नको. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाचा धर्म न शिकवण्याचा नियम इथं नव्हता. यातल्या असंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोटानं आलेल्या, जायला दुसरी जागा नसलेल्या पोरीला धर्म निवडायचं स्वातंत्र्य कितपत असतं? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो वाजवी आहे. त्याचबरोबर त्या पोरींना आणायला तेव्हा दुसरं कोण गेलं होतं, हाही प्रश्न तितकाच वाजवी आहे.

आता छापखान्याबद्दल, कारण मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. रमाबाईंना बायबलचं जुनं मराठी भाषांतर अवघड वाटायचं. कमी शिकलेल्या बाईला कळेल असं सोपं मराठी हवं, म्हणून त्यांनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः भाषांतर हाती घेतलं. हे काम सुमारे १८ वर्षं चाललं. आणि खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं कुणी केली? केडगावच्याच मुलींनी. एके काळी अक्षर ओळख नसलेल्या पोरी पानंच्या पानं जुळवत होत्या.

अडचण एकाच ठिकाणी राहिली, ती म्हणजे पुढचा कॅप्टन. गटांच्या प्रमुख शेकड्यांनी घडल्या, पण संपूर्ण संस्थेचा भार रमाबाईंवरच होता. त्यांच्यानंतर मनोरमा, हे ठरलेलं. मनोरमा अमेरिकेत शिकून आलेली, शारदा सदन सांभाळणारी, गुलबर्ग्याला शाळा काढणारी. आईच्या खालोखाल सगळं तिलाच माहीत. दुसरी कुणी तयार करायची गरजच पडली नाही.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. वय ४०.

रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या. १९१९ ला सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलेलं, पण तब्येत ढासळलेली आणि कान जवळपास गेलेले. मुलीनंतर त्या जेमतेम साडेआठ महिने जगल्या. त्या काळातही भाषांतराचं उरलेलं काम करतच होत्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांचं निधन झालं. त्यानंतर संस्थेची सूत्रं परदेशी मिशनरींकडं गेली.

भाषांतराची छपाई तेव्हा पुरी झालेली नव्हती. तपासायला रमाबाई नाहीत, विचारायला मनोरमा नाही. केडगावच्या छापखान्यातल्या मुलींनी खिळे जुळवणं चालू ठेवलं आणि १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला.