विठाबाई नारायणगावकर

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझी मजल सातवीपर्यंत. पण गेल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या पाचजणींनी लावणी केली, आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आणि घरी जाताना मला माहेरची आठवण झाली. म्हणून ज्या बाईच्या कलेकडे पाहण्याची आम्हा मुलींना बंदी होती, तिच्याविषयीच लिहिते.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले. यात्रेच्या रात्री पुरुष घोंगडी घेऊन तमाशाला जात आणि आजी आतून कडी लावी. आम्ही मुली माळ्यावर बसून ढोलकी ऐकत असू. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले आणि नारायणगाव जवळचे झाले. तमाशाची पंढरी म्हणतात त्या गावाला.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि वडील व चुलते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांनी तो गाजविला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. गण, गवळण, लावणी घरातच कानावर पडत होती, शिकवायला वेगळा गुरू लागला नाही. १९५७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. १९६२ च्या चीनच्या युद्धात जवानांसाठीही त्यांनी कार्यक्रम केले.

एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगते. नऊ महिने भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. पोट सपाट झालेले पाहून लोकांना उमगले, आणि त्यांनी हात जोडून त्यांना विश्रांती घ्यायला लावली, असे सांगतात. मी तीन बाळंतपणे केली. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. पुरुष मंडळी ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकून अंगावर काटा येतो. खेळ मोडला तर तिकिटाचे पैसे परत द्यायचे कोठून? फडातली सगळी बिऱ्हाडे त्याच पैशावर जगणार.

कारण तमाशाचे पोट दोन गोष्टींवर चाले. दसऱ्याला फड बाहेर पडला की कनातीत तिकिटावर खेळ, आणि चैत्र-वैशाखात यात्रांच्या सुपाऱ्या. सिनेमा आला, मग घरोघरी टीव्ही आणि व्हिडिओ आले, आणि तिकीट पडले. लोकांना सिनेमाचीच गाणी हवीत म्हणून फडांनी ती घेतली. रात्रभर चालणारा वग आखडत गेला. यात्रेच्या वर्गणीत आपल्या दोन्ही तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या माणसांचा मोठा हात असे, त्यांत गिरणीकामगार किती तरी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि कित्येक घरांतली मनीऑर्डरच थांबली, मग वर्गणी कोठली? पुढे कुकडीचे पाणी फिरले, द्राक्षे-टोमॅटो आले, गावात पैसा खुळखुळला. पण कित्येक ठिकाणी तो ऑर्केस्ट्राकडे वळला.

ह्या सगळ्या उलथापालथीत विठाबाईंची हयात गेली. १९९० साली पुन्हा राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, पण सन्मानाने चूल पेटत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागविले गेले. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही आपला फड नावारूपाला आणला.

आता आपली गोष्ट. आपण हळदीकुंकवाला लावणी करतो त्याला हौस म्हणतात. तीच लावणी पोटासाठी करणारीला आपल्यापैकी किती जणींनी ओटी भरायला घरात घेतले असते? मी घेतले असते असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. आजीने तर उंबराही ओलांडू दिला नसता.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. कोरोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद राहिल्या तेव्हा फडकऱ्यांचे फार हाल झाले. गेल्या पाडव्याला मी भाजीची पिशवी घेऊन एका राहुटीत प्रथमच शिरले. वही घेऊन बसलेल्या माणसाने पाणी दिले आणि कोणत्या गावची यात्रा म्हणून विचारले. मी गोंधळले, नुसती पाहायला आले म्हणाले. मग धीर करून, फक्त बायकांसाठी दुपारचा खेळ केला तर सुपारी किती पडेल, तेही विचारून घेतले. आकडा मी मंडळाच्या पुढच्या सभेत सांगणार आहे.