प्लास्टरच्या पट्टीचे जनक

मुलांनो, पायाला पांढरे, कडक प्लास्टर घातलेला एखादा मुलगा तुम्ही पाहिला असेल. झाडावरून पडल्यावर किंवा सायकल घसरल्यावर कधी कधी नडगीचे हाड मोडते. गुडघा आणि घोटा यांच्यामधील पुढच्या मोठ्या हाडाला नडगी म्हणतात. ते सरळ जुळावे म्हणून प्लास्टर घालतात. प्लास्टरची ही सोपी पट्टी तयार करणाऱ्या डॉक्टरांची ओळख करून घेऊ या.

अँटोनियस माथायसेन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८०५ रोजी हॉलंडमधील ब्यूडेल या खेड्यात झाला. त्यांचे वडील गावचे डॉक्टर होते. अँटोनियसही डॉक्टर झाले आणि सैन्यातील जखमींवर इलाज करू लागले.

हाड आपले आपण जुळते. पण तोवर त्याची दोन्ही टोके हलू द्यायची नसतात. त्या काळी हेच कठीण होते. लाकडी पट्ट्या सैल होत. खळीत भिजवलेल्या पट्ट्या वाळायला दोन-तीन दिवस लागत. तेवढ्यात जखमी सैनिकाला गाडीतून हलवले, की हाड पुन्हा सरके. मग पाय जन्मभर वाकडा राही.

जिप्समचा उपयोग पूर्वेकडील देशांना फार पूर्वीपासून माहीत होता. दहाव्या शतकातील अबू मन्सूर मुवफ्फक या हकिमांनी मोडलेल्या हाडावर तो लावण्यास सांगितले होते. पुढे तुर्की साम्राज्याच्या पूर्व भागात पायाभोवती पातळ जिप्सम ओतून साचा करीत. पण तो साचा जड असे.

१८५१ मध्ये हारलेम येथील लष्करी रुग्णालयात माथायसेन यांनी नवी युक्ती काढली. जिप्सम भाजला, की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते. ही पूड म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिस. तिला पुन्हा पाणी मिळाले, की ती दगडासारखी घट्ट होते. माथायसेन यांनी सुती पट्ट्यांवर ही कोरडी पूड चोळली. पट्टी भिजवून पायाभोवती गुंडाळताच ती काही मिनिटांत कडक झाली. १८५२ मध्ये त्यांनी पुस्तिका छापून ही रीत सर्वांना सांगितली. १५ जून १८७८ रोजी त्यांचे निधन झाले.

जळगाव जिल्ह्यातील पहूरच्या शेतांत कापूस पिकतो. अशाच कापसाच्या साध्या कापडाने माथायसेन यांनी केवढे मोठे काम केले! आज लहान मुलांची नडगी बहुधा प्लास्टरनेच काही आठवड्यांत जुळते. मोठ्या मुलांना अधिक वेळ लागतो. कधी शस्त्रक्रिया करून हाडात बारीक सळ्याही घालाव्या लागतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोडलेला पाय कोणाकडूनही चोळून घेऊ नका किंवा बांबूच्या कामट्यांनी घट्ट आवळून घेऊ नका. रक्त अडले, तर पाय गमवावा लागतो. पाय न हलवता आधार द्या आणि दवाखाना गाठा. प्लास्टर घातल्यावर वेदना वाढल्या, बोटे बधिर, थंड किंवा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. हाड जोडण्याचे काम शरीर करते. त्याला सरळ आणि स्थिर ठेवणे आपल्या हाती आहे. माथायसेन यांनी जगाला हेच दाखवून दिले.